गोळी, हात आणि अक्षर

शुभंकरांच्या, म्हणजे मनोरुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, बैठकांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. "भास थांबले, संशय थांबला, पण आता हा जागचा हलत नाही. आंघोळीला तास लावतो, ताटावर बसला की उठत नाही. आळशी झालाय नुसता." शेजारी बसलेला शुभार्थी, म्हणजे तो आजारी माणूस, यावर काहीच बोलत नाही. त्याच्या त्या मंदपणामागे किमान तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. आजारातच इच्छा आणि उत्साह आटतो, हे एक. नैराश्य आलेलं असतं, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे औषधामुळे स्नायू ताठरलेले असतात, हात जड झालेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. उपाय मात्र तिन्हींचे निराळे आहेत. तिसऱ्या कारणावर तर सरळ उपाय आहे: डोस कमी करणं किंवा औषध बदलणं. पण त्यासाठी ते कारण आधी ओळखता यायला हवं, आणि गर्दीच्या ओपीडीत वाट्याला येणाऱ्या काही मिनिटांत ते निसटतं.

हे ओळखण्यासाठी मानसोपचारात एक साधन फार पूर्वीपासून आहे. रुग्णाला लिहायला सांगायचं आणि त्याचा हात कसा चालतो ते मोजायचं. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरसारख्या गंभीर आजारांत या मोजमापाने काय कळलं, काय कळत नाही आणि आपल्याकडे त्याचा कितपत उपयोग होईल, हे या लेखात पाहायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अक्षरावरून स्वभाव सांगणारी ग्राफॉलॉजी आणि हे शास्त्र यांचा काहीही संबंध नाही. 'त'ची शेपटी लांब म्हणजे माणूस हट्टी, सही चढती म्हणजे महत्त्वाकांक्षी, असल्या विधानांना पुराव्याचा आधार मिळालेला नाही. नोकरभरतीत ग्राफॉलॉजीचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्राफॉलॉजिस्टांचे अंदाज त्या विद्येचा गंधही नसलेल्या लोकांच्या अंदाजांपेक्षा सरस ठरले नव्हते. आपल्याकडे शाळांमधून आणि सुट्टीच्या शिबिरांतून या विद्येचे वर्ग जोरात चालतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहे. इथे ज्या अभ्यासाबद्दल बोलायचं आहे त्यात अक्षराचा 'अर्थ' कुणी लावत नाही. पेनाचं टोक किती वेगाने गेलं, कुठे अडखळलं, किती जोर पडला, एवढंच मोजतात.

मनाचा आजार शरीराच्या हालचालीत दिसतो, हे औषधं येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. कार्ल कालबाउम यांनी १८७४ मध्ये कॅटाटोनियाचं वर्णन केलं. त्यात रुग्ण तासन्‌तास एकाच अवस्थेत थिजून राहतो. एमिल क्रेपेलिन यांनी त्यापुढे जाऊन हालचाल मोजायला घेतली. हायडेलबर्गच्या त्यांच्या प्रयोगशाळेत १८९० च्या दशकात एक 'लेखनतराजू' होता. कागदाखालची पट्टी पेनाच्या दाबाने किंचित खाली जाई आणि त्या दाबाची वक्ररेषा फिरत्या नळकांड्यावर उमटे. रुग्णाला साधे आकडे लिहायला सांगत. उन्मादातल्या आणि नैराश्यातल्या रुग्णांच्या अशा वक्ररेषा क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात छापल्या आहेत. संगणक यायला अर्धं शतक बाकी असताना, अक्षराचा आकार बाजूला ठेवून त्यामागचा जोर आणि वेळ मोजावा, हे त्यांना सुचलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरा धागा कंपवाताचा. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या आपल्या निबंधात हात लिहिताना मनाचं ऐकेनासा होतो, असं नोंदवलं होतं. पुढे प्रागच्या आर्नोल्ड पिक यांनी १९०३ मध्ये अक्षर बारीक होण्याच्या लक्षणाला 'मायक्रोग्राफिया' हे नाव दिलं. कंपवाताच्या रुग्णाची ओळ ठीक सुरू होते आणि शेवटाकडे जाता जाता अक्षरं आक्रसत जातात. मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांत डोपामिन हे रसायन कमी पडल्याचा हा परिणाम असतो, पण तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे दोन धागे १९५० च्या दशकात एकत्र आले, आणि त्यात मुंबईचाही वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेमुळे रक्तदाब उतरतो हे १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये दाखवून दिलं आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. वेडावर आणि रक्तदाबावर ती चालते, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९५२ मध्ये सर्पगंधेतून रेसरपीन वेगळं काढण्यात आलं आणि त्याच वर्षी पॅरिसच्या सेंट-ऍन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझीन वापरलं. दोन अगदी वेगळी रसायनं, पण दोन्हींनी खवळलेला रुग्ण शांत होई आणि दोन्हींमुळे त्याला कंपवातासारखी लक्षणं येत. चेहरा निर्विकार, पावलं आखूड, चालताना हात न हलणं. आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसरपीनने थिजलेल्या सशांना एल-डोपा (शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते द्रव्य) दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन आणि हालचाल यांचं नातं तिथून उलगडत गेलं. या कामाला २००० सालच्या नोबेलचा मान मिळाला.

आता या कहाणीतल्या माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या माणसाकडे येतो. हान्स-योआखिम हासे हे जर्मन मानसोपचारतज्ज्ञ. नवी औषधं सुरू केलेल्या रुग्णांच्या हातांकडे ते १९५४ पासून बारकाईने पाहत होते. त्यांची पद्धत कुठल्याही खेड्यातल्या दवाखान्यात करता येईल इतकी साधी होती. औषध सुरू करण्याआधी रुग्णाकडून एक मजकूर लिहून घ्यायचा, मग डोस वाढवत नेताना पुन:पुन्हा तोच मजकूर लिहून घ्यायचा आणि कागद शेजारी शेजारी ठेवायचे. एका टप्प्यावर अक्षर किंचित लहान होतं, ओळ आखडते, वळणं ताठरतात. या टप्प्यावर रुग्णाच्या चालण्याबोलण्यात काहीच दिसत नाही. हात थरथरत नाही, लाळ गळत नाही, मान आखडलेली नसते. बदल फक्त कागदावर असतो. हासे यांनी याला 'न्यूरोलेप्टिक उंबरठा' म्हटलं. डोस या उंबरठ्याखाली असेल तर औषध आजारावर काम करत नाही आणि उंबरठ्याच्या फार वर नेला तर रुग्णाला ताठरपणाशिवाय जास्तीचं काही मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६१ मध्ये त्यांनी हा विचार एका नियतकालिकात मांडला.

त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पॉल जॅन्सन यांच्या बेल्जियममधल्या प्रयोगशाळेतून १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल आलं होतं. स्वतः जॅन्सन यांनी हासे यांच्याबरोबर या औषधांवर पुस्तक लिहिलं, तरी १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत याच औषधाचे डोस चढत चढत दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या कित्येक पटींवर पोचले. रुग्ण लवकर सुधारावा म्हणून जास्त द्यायचं, असा साधा हिशेब होता. अखेर १९९१ मध्ये जोसेफ मॅकेव्हॉय आणि सहकाऱ्यांनी नियंत्रित चाचणी घेतली. हासे यांच्या उंबरठ्याची कल्पना घेऊन प्रत्येक रुग्णाचा डोस ठरवला. लेखनाऐवजी त्यांनी सांध्यांतला अगदी सुरुवातीचा ताठरपणा पाहिला. उंबरठा सरासरी तीन-चार मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉलच्या आसपास निघाला. बहुतेक रुग्ण तेवढ्यातच सुधारले. काहींचा डोस त्याच्या कितीतरी पट वाढवून पाहिला, तर भास-भ्रमांत विशेष फरक पडला नाही, त्रास मात्र वाढला. तीस वर्षं हासे यांचं ऐकलं असतं तर किती माणसांची अंगं आखडायची वाचली असती, हा विचार मनातून जात नाही.

पुढे मेंदूच्या पीईटी स्कॅनच्या प्रतिमांनी या उंबरठ्यामागचं गणित उघड केलं. स्टॉकहोममध्ये लार्स फार्डे आणि टोरांटोमध्ये शितिज कपूर यांच्या गटांनी औषध मेंदूतली किती डोपामिन ग्राहीस्थानं अडवतं हे मोजलं. कपूर यांच्या २००० सालच्या अभ्यासात साधारण ६५ टक्के स्थानं अडली की औषधाचा गुण दिसू लागला आणि सुमारे ७८ टक्क्यांच्या वर गेलं की ताठरपणासारखे त्रास सुरू झाले. उपचाराला मिळणारी जागा ही एवढीशी आहे. हासे यांचं एक म्हणणं चुकलं, कारण गुण येण्यासाठी हाताला बाधा व्हायलाच हवी असं नाही. क्लोझापीन या औषधाने तर ते पुरतंच खोडून काढलं; हाताला जवळपास न शिवता ते इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर चालतं. पण अक्षर हे डोपामिनच्या अडथळ्याचं संवेदनशील माप आहे, हा हासे यांच्या सांगण्याचा गाभा टिकला. लाइपझिगच्या संशोधकांनी १९९९ मध्ये औषध घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूच्या प्रतिमा आणि त्यांच्या लेखनाने व्यापलेलं क्षेत्रफळ ताडून पाहिलं. ग्राहीस्थानं जितकी जास्त अडलेली, तितकं लेखन जास्त आक्रसलेलं आढळलं.

मग अक्षर सोडून दवाखान्यात काय वापरतात? मापनश्रेणी. ताठरपणा-मंदपणासाठी १९७० ची सिम्पसन-अँगस श्रेणी, अनैच्छिक हालचालींसाठी १९७६ ची 'एम्स', बसवत नाही अशा अस्वस्थतेसाठी १९८९ ची बार्न्स श्रेणी. डॉक्टर रुग्णाला चालायला लावतात, कोपर वाकवून पाहतात, जीभ बाहेर काढायला सांगतात आणि शून्यापासून चढते गुण देतात. या श्रेणींमुळे निदान काही तरी शिस्त आली हे खरं. पण 'सौम्य' आणि 'मध्यम' यांच्यातली रेघ पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरते, आणि दोन भेटींत दोन वेगळे डॉक्टर असतील तर तुलनाच कोलमडते. अमेरिकेतल्या 'केटी' या मोठ्या चाचणीत सुमारे १,५०० रुग्ण होते. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. मापनश्रेणींनुसार जुनं परफेनाझीन आणि नवी औषधं यांत हालचालींच्या त्रासाचा लक्षणीय फरक नव्हता. तरीही या त्रासापायी परफेनाझीन सोडणारे ८ टक्के होते आणि नवी औषधं सोडणारे २ ते ४ टक्के. रुग्णांना जे जाणवत होतं ते श्रेणीच्या आकड्यांत उतरलं नाही, असाच मी याचा अर्थ लावतो.

संगणकाला जोडलेली लेखनपाटी इथे उपयोगी पडते. तिच्यावर कागद ठेवून खास पेनाने लिहायचं. पेनाचं टोक कुठे आहे आणि किती दाबलं आहे, हे पाटी सेकंदाला शंभर-दोनशे वेळा नोंदवते. पेन कागदावरून उचललं तरी जवळ असेपर्यंत नोंद चालूच राहते.

एक साधा वळसा घेऊन पाहू. इंग्रजी लपेटीतला 'एल' एकामागून एक चार-पाच वेळा लिहिला की जी लाटांसारखी ओळ होते, ती या चाचण्यांमध्ये नेहमी असते. त्यातली वर जाणारी एक रेघ घ्या. सराव असलेला निरोगी माणूस ती सेकंदाच्या दहाव्या-सातव्या हिश्श्यात काढतो. डोळ्यांनी पाहून चूक दुरुस्त करायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ती रेघ सुरू होण्यापूर्वीच मेंदूने तिचा पूर्ण आराखडा स्नायूंकडे धाडलेला असतो. वेगाचा आलेख काढला तर एकच गुळगुळीत टेकडी दिसते: वेग चढतो, शिखराला पोचतो, उतरतो. औषधाने हालचाल मंदावली असेल तर टेकडी बुटकी आणि पसरट होते. हात अनैच्छिकपणे हलत असेल तर एकाच रेघेत दोन-तीन-चार छोटी शिखरं उमटतात. कागदावरचा वळसा नुसत्या डोळ्यांना ठीकच वाटतो. आलेखात हात कुठे कुठे अडखळला ते दिसतं. या अडखळण्याला 'जर्क' नावाचं एक गणिती माप आहे. त्वरण किती झपाट्याने बदलतं ते त्यात मोजतात.

आकारही बदलून पाहतात. एक सेंटिमीटरचा वळसा, मग दोनचा, मग चारचा. बुद्धिमापन चाचणीमुळे आपल्याला माहीत असलेल्या आल्फ्रेड बिने यांनी १८९३ मध्ये एका सहकाऱ्यासोबत असं दाखवलं होतं की, अक्षर मोठं काढायचं झालं तर हात आपोआप वेग वाढवतो, त्यामुळे लहान आणि मोठ्या अक्षराला लागणाऱ्या वेळात आकाराच्या मानाने थोडाच फरक पडतो. डोपामिन कमी पडलेल्या हाताला नेमकं हेच जमत नाही. वळसा मोठा करायला सांगितला तरी वेग तेवढा चढत नाही. रुग्ण मग एकतर जास्त वेळ घेतो किंवा वळसा लहानच काढतो. कंपाचंही तसंच. कंपवातासारखा कंप सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांचा असतो, लिथियमने येणारा बारीक कंप त्याच्या दुपटीच्या आसपास. डोळ्याला दोन्ही 'हात थरथरतो' एवढंच दिसतं, पाटीला ते वेगळे दिसतात. बायपोलरचा एकच रुग्ण लिथियम आणि मनोविकृतिरोधक औषध अशी दोन्ही घेत असेल, तर कुठल्या गोळीचा डोस पाहायचा हे यावरून ठरू शकतं.

सॅन दिएगोचे मायकेल कॅलिजुरी आणि लेखनविश्लेषणाची प्रणाली तयार करणारे हान्स-लिओ ट्युलिंग्ज यांनी या क्षेत्रात सातत्याने काम केलं. त्यांच्या गटाचा २००९ मधला अभ्यास वारंवार उद्धृत होतो. रिस्पेरिडोन घेणारे स्किझोफ्रेनियाचे २७ रुग्ण, कुठलंही मनोविकृतिरोधक औषध न घेणारे सहा रुग्ण आणि ४७ निरोगी माणसं यांच्याकडून वीस मिनिटांत वळसे आणि एक वाक्य लिहून घेतलं. रिस्पेरिडोन घेणाऱ्यांचं लेखन इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त अडखळत होतं. वाक्यलेखनातल्या तीन मापांवरून डोसमधल्या फरकाचा ८३ टक्के भाग सांगता आला. त्याच रुग्णांना श्रेणीने दिलेल्या गुणांचा मात्र डोसशी काही संबंध निघाला नाही. रिस्पेरिडोन हे 'नवं', हात-पाय कमी आखडवणारं म्हणून नावाजलेलं औषध आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या निष्कर्षाचं महत्त्व कळतं.

पण ८३ टक्के या आकड्याने हुरळून जाऊ नये. औषध न घेणारे फक्त सहा होते. सत्तावीस माणसांमधून काढलेलं गणित पुढच्या दोनशे माणसांना लागू पडेलच असं नाही. अशी सूत्रं नव्या नमुन्यावर बहुतेक वेळा फिकी पडतात. शिवाय ज्यांचा आजार जास्त तीव्र, त्यांना डोसही जास्त दिला जातो. मग लेखन बिघडलं ते डोसमुळे की आजारामुळे? एकदाच मोजून हे सुटत नाही. त्यासाठी हासे करत होते तसं त्याच माणसाचं औषधाआधी आणि औषधानंतर पुन:पुन्हा मोजावं लागतं. या क्षेत्रातल्या बहुसंख्य अभ्यासांची हीच उणीव आहे. गट छोटे, मोजमाप एकदाच, आणि प्रत्येक प्रयोगशाळेची पाटी, मजकूर आणि गणित निराळं. २०१९ मध्ये स्पेनमधल्या एका गटाने स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरचे रुग्ण एकाच चौकटीत आणून निरोगी माणसांशी ताडले. असं काम आणखी व्हायला हवं.

आजाराचाही हालचालींवर स्वतःचा परिणाम असतो, हा या विषयातला सगळ्यात अवघड भाग. त्याचा एक भक्कम पुरावा आपल्या देशातूनच आला. चेन्नईची 'स्कार्फ' संस्था आणि स्कॉटलंडचे रॉबिन मॅकक्रेडी यांनी १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या अशा वयस्क रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, ज्यांच्या पोटात वर्षानुवर्षं आजार असूनही एकही गोळी गेली नव्हती. अनैच्छिक हालचाली निरोगी माणसांत १५ टक्क्यांना होत्या. कधीच औषध न घेतलेल्या रुग्णांत ३८ टक्क्यांना आणि औषध घेणाऱ्यांत ४१ टक्क्यांना. उपचार न मिळणं ही आपल्या व्यवस्थेची शरमेची बाब. तिच्यामुळेच जगाला हे ज्ञान मिळालं. ही पाहणी डोळ्यांनी केलेली होती, पेनाने नव्हे. तरी तिच्यामुळे 'हालचाल बिघडली म्हणजे दोष गोळ्यांचाच' हे समीकरण मोडलं. घरचे लोक अनेकदा याच समीकरणापोटी गोळ्या बंद करून टाकतात.

आणखी मागे गेलं तर बालपणातही खुणा सापडतात. एलेन वॉकर यांनी १९९४ मध्ये घरगुती चित्रफिती अभ्यासल्या. पुढे स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलांच्या हालचाली त्यांच्या निरोगी भावंडांपेक्षा लहानपणीच वेगळ्या होत्या. ब्रिटनमध्ये १९४६ साली जन्मलेल्या मुलांच्या पाहणीत अशी मुलं सरासरीने किंचित उशिरा चालू लागली होती. त्यातून पुढची पायरी अशी की, आजार पूर्ण प्रकट होण्याआधीच्या अवस्थेतल्या, औषध न घेतलेल्या किशोरांचं लेखन पाटीवर मोजायचं. विजय मित्तल यांच्या गटाने कॅलिजुरी आणि ट्युलिंग्ज यांच्यासोबत २०१३ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं आणि त्या मुलांच्या लेखनात सूक्ष्म अनैच्छिक हालचालींची चिन्हं दाखवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१९ च्या सुमारास आपल्या संशोधनचौकटीत हालचालींना स्वतंत्र विभाग दिला, त्यामागे अशा कामाचा रेटा होता.

संशोधन म्हणून हे मोलाचं आहे. पण यातून 'अक्षरावरून स्किझोफ्रेनिया ओळखा' असली चाचणी कुणी शाळांत नेली, तर तिला मी कडाडून विरोध करेन. अडखळत लिहिणारी मुलं शेकड्याने असतात आणि त्यांतल्या अगदी मोजक्यांना पुढे हा आजार होतो. उरलेल्या सगळ्यांच्या माथी एक भीती मारली जाईल. रॉबर्ट वाल्झर या स्विस लेखकाचं उदाहरण इथे आठवतं. १९२० च्या दशकात तो पेन्सिलीने इतकं बारीक लिहू लागला की अक्षरांची उंची एक-दोन मिलिमीटर. १९२९ मध्ये तो मनोरुग्णालयात गेला, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. १९५६ मध्ये तो वारल्यावर हे ५२६ कागद म्हणजे वेडाच्या भरातली गुप्त लिपी असावी, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात ती जुनी जर्मन लिपीच होती, आकाराने सूक्ष्म. अभ्यासकांनी भिंगाखाली वर्षानुवर्षं बसून ती वाचली आणि त्यातून एक कादंबरी आणि शेकडो लेख-कविता हाती आल्या. पेनाने लिहिताना हात आखडत होता, पेन्सिलीने मोकळा झाला, असं त्याने स्वतःच सांगितलं होतं. मनोविकृतिरोधक औषधांच्या कितीतरी आधीचं हे बारीक अक्षर. ते आजाराचं लक्षण होतं की लेखकाने शोधलेली वाट, हे नुसत्या आकारावरून कुणालाही ठरवता येणार नाही.

आता आपल्याकडे पाहू. या चाचण्यांचे बहुतेक मजकूर रोमन लपेटी लिपीतले. देवनागरीत पेन सारखं उचलावं लागतं: काना वेगळा, वेलांटी वेगळी, मात्रा-अनुस्वार वर जाऊन, आणि शिरोरेषा कुणी अक्षरागणिक देतं, कुणी शब्द संपल्यावर एका फटक्यात, कुणी देतच नाही. त्यामुळे हात कागदाबाहेर हवेत किती वेळ घुटमळतो, हे आपल्या लिपीत महत्त्वाचं माप ठरू शकेल. सलग वळशांसाठी शिरोरेषेविना 'ळ' किंवा नुसती वळशांची माळ वापरता येईल. मोडी आज प्रचारात असती तर हे काम सोपं झालं असतं. तिथे आडवी रेघ आधीच ओढलेली असते आणि हात शक्यतो न उचलता अक्षर अक्षराला जोडत जायचं असतं. लिहिता न येणाऱ्यांसाठी वर्तुळं आणि गोगलगाईसारखी सर्पिल रेषा हा पर्याय आहेच. ती काढायला शाळा लागत नाही. मात्र पेन कधी हाती न धरलेल्या बाईचा हात आणि चाळीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या कारकुनाचा हात एकाच फूटपट्टीने मोजता येणार नाही. वय, शिक्षण, सराव, सांधेदुखी, झोपेची गोळी, सकाळपासून झालेले चहा, सगळ्यांचा परिणाम लेखनावर होतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत मराठी लिहिणारे आणि न लिहिणारे, औषध नुकतंच सुरू झालेले आणि दशकानुदशकं घेणारे असे सगळे रुग्ण आहेत. देवनागरीची स्वतःची प्रमाणमापं तयार करायला याहून योग्य जागा नाही. लेखनपाटी आता काही हजार रुपयांत मिळते.

निदानाची आशा सोडून हे साधन डोस ठरवण्यासाठी वापरावं, त्याच माणसाचा आजचा हात त्याच्याच महिन्यापूर्वीच्या हाताशी ताडावा, हे माझं ठाम मत आहे. तिथे ते सगळ्यात विश्वासार्ह आहे, आणि रुग्णाच्या हिताचंही. मंदपणा वेळीच ध्यानात आला तर ताठरपणा कमी करणाऱ्या 'पॅसिटेन'सारख्या गोळीचा टेकू जोडण्यापूर्वी मूळ डोसचा विचार करता येतो. त्या गोळीने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, वयस्कांची स्मरणशक्ती मंदावते. टार्डिव्ह डिस्कायनेशिया, म्हणजे दीर्घकाळच्या औषधांनी तोंडाच्या, जिभेच्या, हातांच्या ज्या हालचाली सुरू होतात त्या, पुष्कळदा औषध थांबवूनही जात नाहीत. त्यावरची व्हॅलबेनाझीन आणि ड्यूटेट्राबेनाझीन ही औषधं अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाली, पण तीही लक्षणं फक्त आटोक्यात ठेवतात. तिथे जितकं लवकर कळेल तितकं बरं. बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, ती आतली अस्वस्थता मात्र पेनाच्या टोकावर उतरत नाही. ती रुग्णाला विचारावीच लागते.

पाटी नसली तरी हासे यांचा कागद कुणालाही वापरता येतो. औषध सुरू होण्याआधी किंवा डोस बदलण्याआधी शुभार्थीकडून एक ठरावीक वाक्य आणि वळशांची एक ओळ लिहून घ्यावी. कागद कोराच हवा, कारण आखलेल्या ओळी हाताला आधार देतात आणि आक्रसणं झाकून टाकतात. पेन तेच, टेबल तेच, गोळी घेतल्यानंतरची वेळ साधारण तीच. कोपऱ्यात तारीख आणि डोस टिपावा. दर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने पुन्हा लिहून घ्यावं आणि पुढच्या भेटीत सगळे कागद डॉक्टरांसमोर ठेवावेत. अक्षर बारीक होत गेलेलं दिसलं तरी गोळी स्वतःहून कमी करू नये. अचानक बंद केलेल्या औषधाने आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. मान किंवा डोळे एकाएकी एका बाजूला ओढले गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढला, शुद्ध हरपू लागली, तर कागद-पेन बाजूला ठेवून रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावं आणि तिथे चालू असलेल्या औषधाचं नाव आधी सांगावं.